पाहुण्याचा हुकूम

देवस्थळी काका आमच्याकडे पाहुणे म्हणून येतात आणि आल्याआल्या आमच्यावर हुकूम सोडतात. "वहिनी, चहा टाका. आलं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आहे. आणि तो पंखा कमी करा, वारा खायला आलेलो नाही." आलं कुठे असतं हे मला, घरच्या मालकाला, अजून माहीत नाही.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत ते समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. त्यांचा कॉम्प्युटरही त्यांच्याच वळणावर गेलाय. जुना मोडीत निघाला तेव्हा त्यांनी नवा घेतला आणि माझ्याकडून (मी आयटीतला, म्हणजे सोसायटीचा फुकट मेकॅनिक) जुन्यातलं सगळं जसंच्या तसं त्याच्या पोटात बसवून घेतलं. नव्याच्या पडद्यावर एक चौकट, आणि चौकटीत जुना पूर्वीसारखा चालू. आयटीच्या भाषेत नवा तो यजमान, जुना तो पाहुणा. काका चौकटीबाहेर पाऊल टाकत नाहीत. छपाई असो की आवाज वाढवणं, हुकूम पाहुण्याने सोडायचा आणि धावपळ यजमानाने करायची. "नाहीतर यजमान असतो कशाला?" हे त्यांचं पालुपद.

एकदा त्यांनी आतून हुकूम सोडून बाहेरचा कॉम्प्युटरच बंद केला. यजमान गेला, त्याच्याबरोबर पोटातला पाहुणाही गेला. बसल्या फांदीवर कुऱ्हाड! काका मात्र खूश. "पाहिलंत? ऐकतो!"

गेल्या रविवारी आमची बेल थांबेचना. दारात काका.

"अहो, चला लवकर. यजमान ऐकेनासा झालाय. परवापासून धड जेवलो नाहीये."

नव्या कॉम्प्युटरने परस्पर अपडेट घेतलं होतं आणि पाहुण्याचे हुकूम घेणं बंद केलं होतं. पण त्याचा जेवणाशी काय संबंध?

काकांनी सांगितलं. काकू बँकेत कॉम्प्युटर विभागात होत्या. हे पडद्यासमोरून उठत नाहीत म्हणून त्यांनी जुन्या कॉम्प्युटरला शिकवून ठेवलं होतं, की जेवणाच्या वेळी त्याने काकूंच्या आवाजात हाक मारायची. काकू गेल्या. पुढे जुना नव्याच्या पोटात गेला आणि मुका झाला. ती हाक बाहेरच्या स्पीकरवर यावी एवढ्यासाठी काका हे हुकमाचं शास्त्र शिकले होते.

"हात्तिच्या! ती फाइल बाहेर काढून देतो," मी म्हणालो. "वाटेल तेव्हा वाजवा."

"मी वाजवली तर ते रेकॉर्डिंग झालं. तिने बोलवायला हवं."

मी गुपचूप पाहुण्याला परवानगी परत दिली आणि दोघं वाट बघत बसलो. थोड्या वेळाने स्पीकर खरखरला आणि जरासा वैतागलेला आवाज आला, "अहो, पानं घेतलीयत. उठा आता."

अख्ख्या सोसायटीला हुकूम सोडणारे काका चटकन उठले. "आलो, आलो," म्हणत हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

"तुम्ही निघा आता," ते आतूनच म्हणाले. "आमची जेवायची वेळ झालीये."