मोकळी मान

"पोट आत! अजून आत! लाज वाटत नाही?"

आत्याबाईंच्या खणखणीत आवाजातलं हे वाक्य कचेरीतल्या सगळ्या संगणकांमधून एकदम बाहेर पडलं, तेव्हा मालक फोनवर एका बांधकामवाल्याशी गोडीगुलाबीनं बोलत होते. बांधकामवाला अंगानं चांगला भरलेला होता आणि त्याचा कानही तिखट होता. मग "बघून घेतो" असं म्हणून त्यानं फोन आपटला.

मालकांची कंपनी इमारतींच्या लिफ्ट बसवायची आणि दुरुस्त करायची. तिच्या स्वतःच्या इमारतीला मात्र लिफ्ट नव्हती. कचेरी वरच्या मजल्यावर होती आणि संगणकांचा सगळा कारभार जिन्याखालच्या खोलीतून चालायचा. तो कारभार मालकांच्या जावयाकडे होता. त्यामुळे वयानं मोठे हिशेबनीसकाकासुद्धा त्याला जावईबापूच म्हणायचे.

आत्याबाई म्हणजे मालकांची थोरली बहीण. पाठी, माना, गुडघे सरळ करून देणं हा त्यांचा व्यवसाय. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस पुन्हा वाकडा बसायची हिंमत करत नसे. त्यांच्या मुलानं 'मोकळी मान' नावाचा प्रोग्राम तयार केला होता. दर थोड्या वेळानं पडद्यावर एक चित्र यायचं आणि आत्याबाईंचा आवाज सगळ्यांकडून व्यायाम करून घ्यायचा. धाकट्या भावाच्या कचेरीत तो बसवायचाच, असं आत्याबाईंनी ठरवलं होतं. भावाला कुणी विचारलं नव्हतं.

मालकांनी जिन्याखाली फोन लावला.

"जावईबापू, जरा वर येता का?"

"काय काम होतं, बाबा?"

"ते 'मोकळी मान' आजच्या आज काढून टाका. दुपारी मोठ्या रुग्णालयाचे व्यवस्थापक यायचेत. त्यांच्या सगळ्या लिफ्टचं काम आपल्याला मिळू शकतं. ते गृहस्थही भारदस्त आहेत म्हणे. त्यांच्यासमोर ताईनं पोटाचा विषय काढला तर आपण संपलो."

"मग वर कशाला यायचं? मी इथूनच काढतो. नेटवर्क असतं कशासाठी?"

"आणि ताईला कळता कामा नये."

"बाबा, संगणकांनाही कळणार नाही."

मालकांना जावयाचा राग आला की ते जास्त आदरानं बोलत. सध्या ते नुसतं 'येता का' आणि 'काढून टाका' म्हणत होते, म्हणजे सगळं ठीक होतं.

जावईबापूंनी बाह्या वर केल्या, खुर्ची पुढे ओढली आणि सगळ्या संगणकांना एकदम हुकूम सोडला. मग हाताची घडी घालून ते पडद्याकडे बघत बसले. थोड्याच वेळात उत्तरं यायला लागली. नकार. नकार. नकार. त्यांनी हुकूम पुन्हा सोडला. पुन्हा नकार आले आणि पाठोपाठ हिशेबनीसकाकांचा फोन आला.

"जावईबापू, शाबासकी द्या मला! हल्ला परतवून लावला!"

"कसला हल्ला?"

"पडद्यावर खिडकी आली. प्रोग्राम काढू का, हो की नाही? तुम्हीच शिकवलंत ना गेल्या आठवड्यात, अनोळखी खिडकी आली की डोळे मिटून 'नाही' दाबायचं? दाबलं. परत आली, परत दाबलं. सगळ्यांना ओरडून सांगितलं, 'नाही' दाबा रे! आणि मग नेटवर्कची वायरच उपटली भिंतीतून."

"काका, तो हल्ला नव्हता. तो मी होतो."

"चोर काय वेगळं सांगणार?"

"अहो काका, माझा आवाज ओळखत नाही का तुम्ही?"

"आवाजाची नक्कल करतात हल्ली. तुम्हीच शिकवलंत."

त्या दिवशी शिकवताना वर्गातले निम्मे लोक झोपले होते, असा जावईबापूंचा समज होता. तो खोटा ठरल्याचा त्यांना अजिबात आनंद झाला नाही.

मग त्यांनी दुसरा मार्ग धरला. कुणाला काही न विचारता, गुपचूप काढायचं. हुकूम गेला. या वेळी सगळीकडून एकच उत्तर आलं. प्रोग्राम चालू आहे, आधी बंद करा. एवढंच ना, म्हणत जावईबापूंनी तो एकेका संगणकावर बंद करायला सुरुवात केली.

आत्याबाईंच्या मुलाला आपली आई आणि माणसांचा स्वभाव, दोन्ही चांगलं ठाऊक होतं. लोक व्यायाम चुकवण्यासाठी प्रोग्राम बंद करणार, हे त्यानं आधीच धरलं होतं. बंद केला की तो आपणहून उठायचा, आवाज वाढवायचा आणि बुडालेला व्यायाम दुपटीनं वसूल करायचा.

"टाळाटाळ!" आत्याबाई गरजल्या. "आता दुप्पट!"

जावईबापूंनी पुन्हा बंद केला.

"पुन्हा टाळाटाळ! चौपट!"

जिन्याखालच्या खोलीत संगणकाला स्पीकर नव्हता, त्यामुळे यातलं त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. ते जोमानं बंद करत राहिले. अखेर बायकोचा फोन आला. ती वर फोनच्या टेबलावर बसून तक्रारी लिहून घ्यायची.

"अहो, तुम्ही खाली नक्की काय करताय?"

"काढतोय."

"काढताय की घालताय? आत्या प्रत्येक टेबलावरून ओरडतेय. एका संगणकावर मान डावीकडे, दुसऱ्यावर उजवीकडे. मध्ये बसलेल्यानं करायचं काय?"

"पाचेक मिनिटं कळ काढ."

"मी काढीन हो. लिफ्टमध्ये अडकलेल्या एका बाईंचा फोन होता. मी त्यांना धीर देतेय आणि मागून आत्या म्हणतेय, खाली बसा, वर उठा, खाली बसा! त्या म्हणाल्या, आम्ही मगाचपासून वर-खालीच करतोय, आता माणूस पाठवा."

"पाठवलास ना?"

"पाठवला. बाबा लाल झालेत. तुम्हाला 'आपण' म्हणायला लागलेत."

हे ऐकून मात्र जावईबापूंना घाम फुटला. आता शेवटचा उपाय होता. सगळे संगणक इथूनच बंद करून पुन्हा चालू करायचे आणि 'मोकळी मान' डोळे चोळत उठायच्या आत तिला उचलून बाहेर टाकायचं.

"सगळ्यांना सांग, आपापलं काम जतन करा," ते बायकोला म्हणाले.

तिनं फोन बाजूला ठेवून "सगळ्यांनी ऐका" एवढंच म्हटलं असेल नसेल, तोवर त्यांनी बटण दाबलं होतं. वरचे सगळे पडदे काळे झाले. आत्याबाई गप्प झाल्या. कचेरीत अशी शांतता पसरली, की खालच्या रस्त्यावरची सायकलची घंटा ऐकू आली. त्या शांततेत हिशेबनीसकाकांचा आवाज फुटला. हल्ला संपला असं समजून त्यांनी नुकतीच वायर परत खोचली होती.

"माझं सकाळपासूनचं काम गेलं! चोर परवडला, पण हे जावई नकोत!"

खाली जावईबापूंच्या पडद्यावर मात्र आनंदीआनंद होता. काढला. काढला. काढला. फक्त एक संगणक काही बोलत नव्हता. तो होता, पण झोपेत होता. त्याचं नाव होतं 'नवा'. नवा संगणक आला की जावईबापू सवडीनं चांगलं नाव देऊ म्हणून 'नवा' असं लिहून ठेवायचे आणि ती सवड कधी आली नव्हती. आता हा 'नवा' कुठल्या टेबलावर बसलाय, हे त्यांना आठवेना.

त्यांनी बायकोला फोन लावला. "अगं, आपल्याकडे सगळ्यात नवा संगणक कुठला?"

"तो नाही का, बैठकीच्या खोलीतल्या मोठ्या पडद्यामागे लावलेला?" ती कुजबुजली. "आणि हळू बोला. रुग्णालयाचे व्यवस्थापक वेळेआधीच आलेत. बाबा त्यांना तिथंच घेऊन गेलेत."

जावईबापू खुर्चीवरून उठले आणि जिना चढायला लागले. बऱ्याच दिवसांत हे घडलं नव्हतं.

बैठकीच्या खोलीत व्यवस्थापक जिना चढून आल्याचा दम खात बसले होते. गृहस्थ खरोखरच भारदस्त होते. दोन खुर्च्यांपैकी रुंद खुर्ची मालकांनी त्यांच्याकडे सरकवली होती.

"आमच्या कामाची काही छायाचित्रं दाखवतो," असं म्हणत मालकांनी झोपलेल्या संगणकाचा माउस हलवला.

'नवा' जागा झाला. झोपेत बुडालेला सगळा व्यायाम त्याला एकदम आठवला.

"टाळाटाळ!" भिंतभर पडद्यावरून आत्याबाई कडाडल्या. "उठा! ताठ उभे राहा! पोट आत!"

मालकांनी डोळे मिटून घेतले. आता खुर्ची मागे सरकेल, दार आपटेल आणि बुटांचा आवाज जिन्यावरून खाली जाईल, असं त्यांना वाटलं. खुर्ची सरकली. पण दार वाजलं नाही. मालकांनी एक डोळा किलकिला केला. व्यवस्थापक खोलीच्या मधोमध ताठ उभे होते. पोट, जमेल तितकं, आत होतं.

"हात वर!" आत्याबाई म्हणाल्या. व्यवस्थापकांनी हात वर केले.

"मान डावीकडे! मान उजवीकडे! गाल हलवू नका, मान हलवा!" त्यांनी गाल आवरून मान हलवली.

"श्वास घ्या! धरून ठेवा! मी सांगेपर्यंत सोडायचा—"

इतक्यात दार धाडकन उघडलं. जावईबापू धापा टाकत आत आले, संगणकावर झडप घालून त्यांनी खटाखट बटणं दाबली आणि आवाज तिथंच तुटला.

"काढला, बाबा!" ते विजयी चेहऱ्यानं म्हणाले. "आता औषधालाही शिल्लक नाही!"

व्यवस्थापक हात वर करून तसेच उभे होते. त्यांचा चेहरा गुलाबीचा लाल आणि लालचा जांभळा होत चालला होता. ते डोळ्यांनी पडद्याकडे काहीतरी मागत होते. शेवटी प्रकार मालकांच्या लक्षात आला. लहानपणापासून कानावर असलेला सूर त्यांनी जमेल तसा गळ्यातून काढला.

"सोडा!"

व्यवस्थापकांनी श्वास सोडला. टेबलावरचे कागद उडाले. ते खुर्चीत कोसळले आणि दाराकडे बघत हळूच म्हणाले, "बाई... इथं असतात?"

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"माझी पाठ धरली होती. त्यांनी सोडवली. पाठ सुटली, पण भीती राहिली. तुमच्या कोण?"

"थोरली बहीण."

व्यवस्थापकांनी मालकांकडे नीट पाहिलं. त्यांच्या नजरेत माया दाटून आली.

"म्हणजे लहानपणापासून?"

"लहानपणापासून," मालक म्हणाले.

मग व्यवस्थापकांनी काम मालकांच्या कंपनीलाच दिल्याचं सांगितलं. बाईंच्या घरातला माणूस कामचुकार असणं शक्य नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. उठता उठता ते थांबले.

"एक विनंती आहे. हा प्रोग्राम आमच्या रुग्णालयातही बसवून द्या. ज्या डॉक्टरांनी मला हसत हसत बाईंकडे पाठवलं, त्यांच्या टेबलावर आधी."

ते गेल्यावर मालक जावयाकडे वळले.

"जावईबापू, आपण हा प्रोग्राम परत आणू शकाल का?"

"बाबा, मुळासकट गेलाय. तो आता फक्त आत्यांकडे असेल."

"आपण फार कष्ट घेतलेत," मालक दात आवळून म्हणाले. "आता आणखी थोडे घ्यावेत. आपण स्वतः तिच्याकडे जावं. आमचं नाव घेऊ नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू आत्याबाईंच्या दारात उभे राहिले. वाटेत त्यांनी बोलायचं सगळं घोकून ठेवलं होतं.

"नमस्कार आत्या. ते 'मोकळी मान' परत हवं होतं. कचेरीत सगळ्यांना चैन पडत नाहीये."

"परत? मग आधीचं गेलं कुठं?"

"ते... आपोआप गेलं."

आत्याबाईंनी त्यांना केसांपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. नजर परत वर येताना मध्येच एका जागी थांबली.

"आपोआप काहीही जात नसतं, जावईबापू," त्या म्हणाल्या आणि कोपऱ्यातली चटई पसरायला लागल्या. "पोटसुद्धा. बूट काढा."