खवलीबाईंचं ऑनलाइन निधन

एका जंगलात, जिथे नेटवर्क फक्त वडाखाली यायचं, एक सिंह राज्य करत होता. राज्य म्हणजे काय, दुपारभर झोपायचा. मध्येच उठून "कारभार पारदर्शक हवा" असं म्हणायचा आणि कूस बदलायचा.

मुलांनो, मांडी घालून नीट बसा. नाकात बोट घालायचं नाही.

त्या जंगलात पूर्वी कुणाला काही हवं असलं की तो जाऊन मागायचा. महाराजांना हे गावंढळ वाटलं. त्यांनी वडाच्या बुंध्यावर काचेची एक पाटी बसवली. पंजा लावला की पाटी उजळायची आणि तिच्यावर ऑनलाइन अर्ज यायचा. अर्ज मंजूर झाला की हिरवा दिवा लागायचा. दिवा लागल्याशिवाय कुणी कुणाला मदत करायची नाही, असा हुकूम निघाला.

अर्ज तयार करायचं काम सुगरणपंतांना मिळालं. सुगरणीचा खोपा तुम्ही पाहिलाय ना? तो विणतो नर, पण कौतुक होतं सुगरणीचं. पंतांना हे जन्मभर सलत होतं. अर्ज तरी आपल्या नावावर व्हावा म्हणून ते इरेला पेटले.

आधी अर्जात एकच प्रश्न होता. काय हवंय? पंतांनी त्यात प्रश्न वाढवले. मग एका माशाला 'पंख किती?' असं विचारलं गेलं आणि तो रुसला. तेव्हा पंतांनी युक्ती काढली.

"महाराज, यापुढे सगळ्यांना सगळे प्रश्न दिसणार नाहीत. एकाचं उत्तर दिलं की त्यावरून पुढचा उघडेल. ज्याला जे लागू, त्याला तेवढंच."

"वा!" महाराज म्हणाले आणि झोपले.

खरं सांगू? कल्पना चांगली होती. पण पंतांना विणायचा नाद. ते रोज एक प्रश्न वाढवायचे आणि त्याला दोन वाटा फोडायचे. अंगावर खवले असतील तर मासा, अशी त्यांनी एक वाट फोडली. साप फणा काढून आले. मग पंतांनी 'पोटावर सरपटता का?' हा प्रश्न मध्ये घातला. साप खूश झाले, घोरपडही गप्प बसली.

खवलीबाईंना कुणी विचारलंच नव्हतं.

खवलीबाई म्हणजे खवल्या मांजर. नाकापासून शेपटीपर्यंत खवले, तोंडात एक दात नाही, जीभ हातभर लांब. जेवणात फक्त मुंग्या. चार पायांवर चालणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी बाई.

एके दिवशी वादळात एक मोठं झाड पडलं आणि त्याचा ओंडका खवलीबाईंच्या बिळाच्या तोंडावर येऊन बसला. आत त्यांची तान्ही लेक होती, टिकली. बाईंनी खणून पाहिलं. दोन्ही बाजूंना कातळ. नखं झिजली, पण वाट होईना.

शेजारीच दंतोबा हत्ती उभा होता.

"अहो दंतोबा, तेवढा ओंडका ढकला हो! पोर गुदमरेल माझी."

"एका धक्क्याचं काम आहे बाई," दंतोबा म्हणाला. "पण दिवा लागू दे. मागे मी एका माकडाला न विचारता चिखलातून ओढलं, तर माझीच चौकशी लागली. अजून चालू आहे. तुम्ही पटकन अर्ज करून या, मी इथेच थांबतो."

बाई धावत वडाखाली गेल्या. पाटी उजळली.

अंगावर खवले आहेत का? होय.

पोटावर सरपटता का? नाही.

सध्या पाण्यात आहात की पाण्याबाहेर? पाण्याबाहेर.

केव्हापासून? जन्मापासून.

पाटी क्षणभर विचारात पडली. मग तिच्यावर अक्षरं आली. 'आपल्या निधनाबद्दल आम्हाला दुःख आहे. पुढील अर्ज वारसाने स्वतः हजर राहून भरावा.'

"पंत, अहो मी मेले म्हणतंय हे!"

वडाच्या फांदीवर बसलेल्या पंतांनी मान वाकडी करून वाचलं. "बरोबर आहे. इतका वेळ पाण्याबाहेर मासा जगत नाही."

"मी मासा नाही! मी तुमच्याशी बोलतेय ना?"

"ते मला दिसतंय हो. अर्जाला दिसत नाही."

"मग मागे जायचं बटण कुठंय?"

"ते फक्त जिवंतांना दिसतं."

"वारस माझी लेक आहे. ती ओंडक्याखाली अडकलीय."

"मग ओंडका हलवण्याचा अर्ज करा."

"तोच तर करतेय!"

"तुम्ही कशा कराल? तुम्ही तर वारलात."

मुलांनो, इथे मला इतका राग येतो की पंताची शेपूट उपटावीशी वाटते. पण गोष्ट पुढे न्यायची आहे.

खवलीबाई परत आल्या. टिकलीचा आवाज बारीक झाला होता. बाई रडल्या, आणि रडता रडता थांबल्या. आपण मेलोय ना, मग आता आपल्याला कोण काय करणार?

त्या तडक लाल मुंग्यांच्या वारुळाकडे गेल्या. नखांनी वारूळ फोडलं आणि जीभ आत घातली. जिभेला मुंग्याच मुंग्या चिकटल्या. जन्मात पहिल्यांदाच बाईंनी तोंडातला घास गिळला नाही. तशाच त्या दंतोबाच्या पायावरून चढून पाठीवर गेल्या आणि सगळ्या मुंग्या तिथे सोडल्या.

"अहो बाई, हे काय करताय?"

"मेलेल्यांना काय विचारायचं?"

दंतोबाने शेपूट झाडली, कान फडफडवले. शेवटी त्याला राहवेना. समोर ओंडका होता. त्याने खाली बसून ओंडक्याला पाठ लावली आणि कराकरा घासली. ओंडका गडगडत उतारावरून खाली गेला. बिळातून टिकली बाहेर आली आणि आईच्या शेपटीला घट्ट बिलगली. बाईंनी तिला चाटून चाटून ओली केली.

पंत उडत आले. "दिव्याशिवाय ओंडका कुणी हलवला?"

"मी कुठे हलवला?" दंतोबा म्हणाला. "मी खाजवत होतो." आणि त्याने बाईंकडे बघून एक डोळा मिटला.

पंतांनी त्याच दिवशी अर्जात 'खाज सुटली आहे का?' हा प्रश्न वाढवला.

पण बातमी फुटली. मेलेल्यांना दिव्याची गरज नाही! सशाने पाटीला खवले आहेत म्हणून सांगितलं. मग हरणाने, मग माकडाने, मग दंतोबानेही. सगळे पाण्याबाहेर, सगळे जन्मापासून. बघता बघता जंगल सुखाने मेलं. जो तो हाकेला धावून जाऊ लागला. पाटीवर एकही अर्ज राहिला नाही. पंतांचा सत्कार झाला. टाळ्या महाराजांनी एकट्यानेच वाजवल्या.

एकदा महाराजांच्या पंजात काटा रुतला. ते लंगडत पाटीपाशी गेले.

आपण राजा आहात का? होय.

हयात प्रजा किती (कर्मचारी सोडून)? शून्य.

'प्रजा नसल्यास राजा नाही. कृपया पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुरुस्त करा.'

महाराज ते दुरुस्त करायला तयार होईनात. तेवढ्यात शेपटीवर टिकलीला बसवून खवलीबाई तिथून जाऊ लागल्या.

"अगं ए, तुझी नखं चांगली आहेत. तेवढा काटा काढ."

"एका मिनिटाचं काम आहे महाराज," बाई अदबीने म्हणाल्या, "पण मी वारलेय."

तात्पर्य: अडल्यानडल्याला मदत करायची असेल, तर आधी रीतसर मरावं. जिवंत असताना फार चौकशा होतात.

(आपण राजा असल्यास हे तात्पर्य आपल्याला दिसणार नाही.)