मायफळाचे पंचेचाळीस वेढे

शनिवारी सकाळी डॉ. शशिधर मोहोळकरांचं पोट बिघडलं आणि ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी ब्रिटिश पोटं दुरुस्त केली होती. आदल्याच दिवशी केंब्रिजच्या मराठी मंडळींपुढे ‘आपलं आतडं आणि आपण’ या विषयावर त्यांचं व्याख्यान झालं होतं. नंतरच्या जेवणात त्यांनी व्याख्यानात वर्ज्य सांगितलेले सगळे पदार्थ दोनदा घेतले होते.

घरातल्या गोळ्यांची मुदत संपलेली होती. दुकानात जावं, तर तिथला फार्मासिस्ट व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसलेला. उरली ती बायकोची बाळगुटीची औषधं, ज्यांना डॉक्टर लग्नापासून ‘लाकडाचा भुसा’ म्हणत आले होते.

अनुराधाबाई क्रॉयडनला मैत्रिणीकडे गेल्या होत्या. डॉक्टरांनी फोन करून एका मित्राला जुलाब होत असल्याचं सांगितलं. मायफळ किचनमध्ये डबीत आहे, सहाणेवर पाण्यात उगाळायचं, तान्ह्या बाळाला दोन वेढे पुरतात, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “मित्राचं वय काय?”

“माझ्याएवढं.”

“मग तीस वेढे द्या. आणि मित्राला म्हणावं, आज ताकभात खा.”

खिडकीत एक डबी होती. आत तीन टणक, तपकिरी गाठी, आणि वर लॅटिन नाव. लॅटिन दिसल्यावर डॉक्टरांचा उरलासुरला संशय फिटला. नावाखाली ‘अडल्ट फीमेल’ असं लिहिलं होतं. ही मात्रा प्रौढ स्त्रीची, हे उघडच होतं. आपण पुरुष, वजन चौऱ्याऐंशी किलो, असा हिशेब त्यांनी पाकिटाच्या पाठीवर मांडला आणि मात्रा दीडपट केली. विसाव्या वेढ्याला पहिली गाठ आतून पोकळ निघाली. हल्ली मालात दम राहिला नाही म्हणत त्यांनी दुसरी घेतली.

दुपारपर्यंत पोट शांत झालं. संध्याकाळी देविका घरी आली. इंग्लंडातच वाढलेली, मोडकंतोडकं मराठी बोलणारी डॉक्टरांची ही लेक युनिव्हर्सिटीत झाडांवरच्या गाठींचा अभ्यास करत होती. ऑस्ट्रेलियातल्या एका संग्रहानं तिला तीन गाठी वापरून परत करण्याच्या बोलीवर पाठवल्या होत्या. त्या लॅबबाहेर न्यायच्या नव्हत्या, तरी फोटोसाठी चांगला उजेड शोधत तिनं त्या किचनच्या खिडकीत ठेवल्या होत्या.

“बाबा, माझी सॅम्पल कुठे गेला?”

“कसलं सॅम्पल?”

“तीन होते. आता एकच आहे.”

डॉक्टरांनी सहाणेकडे बघायचं कटाक्षानं टाळलं, त्यामुळे तिनं नेमकं तिकडेच पाहिलं.

मग ती पायरीवर बसली आणि तिनं समजावून सांगितलं. एक खवले कीटक निलगिरीच्या फांदीला चिकटतो, रस पितो, आणि झाड त्याच्याभोवती लाकडाची गाठ बांधतं. मादी त्यातून कधीच बाहेर येत नाही. पुढचं मराठी तिला सुचेना.

“आत एक बाई राहते, बाबा. पूर्ण लाईफ.”

“अजून?”

“आता तुमच्या आत.”

डॉक्टर आजन्म शाकाहारी होते. गाठींवर कीटकनाशक मारलेलं होतं का, एवढं त्यांनी विचारलं. नुसतं वाळवलेलं होतं, असं ती म्हणाली. “गुण मात्र आला,” असं ते बोलून गेले, तेव्हा देविका रडायला लागली. थीसिसचं शेवटचं प्रकरण त्या तीन गाठींवर होतं, आणि त्यातलं दोन तृतीयांश तिच्या वडिलांनी पचवलं होतं. डॉक्टरांना मनापासून लाज वाटली. उंदरानं खाल्लं म्हणून लिही, असं त्यांनी सुचवलं. तिनं संग्रहाला खरं तेच लिहिलं: कुटुंबातल्या एका व्यक्तीनं नमुने औषध म्हणून घेतले.

पाचव्या दिवशी संग्रहाचं उत्तर आलं. अतिशय सभ्य होतं. आजारी व्यक्तीच्या प्रकृतीची चौकशी होती. त्याच जातीच्या आणखी गाठी संग्रहात होत्या आणि त्या पाठवायला हरकत नव्हती. अट एकच. त्या कुलूपबंद ठेवायच्या, आणि नमुने कुणी खाणार नाही याची लेखी हमी घरातल्या एखाद्या जबाबदार, शक्यतो वैद्यकीय शिक्षण झालेल्या व्यक्तीनं द्यायची.

घरात तशी व्यक्ती एकच होती. देविकानं फॉर्म पुढे सरकवला. डॉक्टरांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, सही केली आणि हुद्द्याच्या रकान्यात ‘पोटविकारतज्ज्ञ’ असं ठळक अक्षरात लिहिलं. मग कुणी मागायच्या आधीच त्यांनी गाठींसाठी ठरवलेल्या कपाटाची किल्ली अनुराधाबाईंच्या हातात दिली.