एका टिंबाची भानगड

बाप मुद्रितशोधक असेल तर मुलीनं आपला फोन उघडा टाकून आंघोळीला जाऊ नये. आमच्या या गृहस्थांनी वीस वर्षं छापखान्यात लोकांच्या चुका काढण्यात घालवली होती. घरात शुद्ध लिहिणारी एकटी बायकोच, असं ते अभिमानानं चारचौघांत सांगत. तिचे निरोप कसे नेटके! ‘येताना दूध आणा.’ ‘विसरलात.’ ‘असू दे.’

तर रविवारी सकाळी लेकीचा फोन टेबलावर होता. दुसऱ्या दिवशी शाळेची सहल होती आणि वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीनं (घरात तिचं नावच ‘वरची’) विचारलं होतं, ‘बसमध्ये माझ्याशेजारी बसशील ना’. लेकीनं उत्तर लिहून ठेवलं होतं, अजून पाठवायचं होतं: ‘हो गं बसते की’.

विरामचिन्ह औषधालाही नाही! गृहस्थांचा हात शिवशिवला. ‘गं’ आणि ‘की’ अनावश्यक, म्हणून काढले. वाक्यं दोन, म्हणून पूर्णविराम दोन. ‘हो. बसते.’ ते समाधानानं पाहत असतानाच अंगठा चुकीच्या जागी पडला आणि मजकूर छपाईला गेला. म्हणजे वर गेला.

लेक बाहेर आली तेव्हा वरचीनं ‘राहू दे’ लिहून तिला सहलीच्या ग्रुपमधून काढून टाकलं होतं.

"बाबा! टिंब कुणी दिलं?"

"टिंब नाही, पूर्णविराम म्हणावं."

"म्हणजे तूच! अरे, एक टिंब म्हणजे चिडले. दोन म्हणजे कट्टी!"

"आणि तीन?"

"तीन अजून कुणी दिलेली नाहीत. इतकं वाईट कुणी वागतं का?"

"मग वर जा आणि सांग तिला. सतरा पायऱ्या तर आहेत."

"तोंडावर? काहीतरीच काय!" म्हणत लेक रडायलाच लागली. उद्या ती बसमध्ये एकटी बसणार, हे चित्र बापाला बघवेना. दोष आपला, हे कळत होतं. फोनवर तर आता त्यांचा स्वतःचाच विश्वास उरला नव्हता. मग त्यांनी कागद घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा टिंबं आपणच दिल्याचा पानभर कबुलीजबाब एकाही पूर्णविरामाशिवाय लिहिला. (शेवटी हात टिंबाकडे वळलाच होता, तो दुसऱ्या हातानं धरला.) "ही चिठ्ठी तिच्या हातात दे, म्हणजे तुला बोलायला नको," असं म्हणून लेकीला ढकलतच जिन्यावर सोडलं.

पाच मिनिटं गेली. मग वरून हसण्याचा असा स्फोट झाला की छताचा पोपडा पडला. तासाभरानं दोघी एकमेकींच्या गळ्यात हात टाकून खाली आल्या.

"काका, चिठ्ठी एका दमात वाचली, धाप लागली!" वरची म्हणाली. "पण फोनवर तुम्ही नका हं लिहू."

"अगं, तुमचंच काहीतरी खूळ," गृहस्थ फुशारले. "हे बघ, तुझ्या काकू कसं शुद्ध लिहितात." त्यांनी आपला फोन पुढे केला.

दोघी वाचू लागल्या. वाचता वाचता लेक बोटांवर काहीतरी मोजू लागली. बायकोचा आदल्या दिवशीचा निरोप होता: ‘हो. या. सावकाश.’

"तीन!" लेक हळूच म्हणाली.

गृहस्थ स्वयंपाकघरात गेले. "अगं, तू हे पूर्णविराम देतेस ना, ते व्याकरणासाठीच ना?"

बायकोनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"सापडली एकदाची चूक," ती म्हणाली. "मुद्रितशोधक म्हणे!"