गिरणीशेजारचा ढोल

आमच्या मायाप्पा आण्णांशी बोलायचं म्हणजे विहिरीत तोंड घालून बोलायचं. तुम्ही विचारा, "आण्णा, जेवलासा का?" आण्णा म्हणणार, "जेवलासा काऽऽ जी." आता जेवले का उपाशी, ते तुमचं तुम्ही ओळखा. आपणहून तर हा माणूस तोंडच उघडत नाही. ज्वारीचं पुडकं घेऊन माझ्या गिरणीच्या दारात खांबासारखा उभा राहील, पण पहिलं मीच बोलायचं.

दोष त्यांचा नाही म्हणा. आमच्या जत भागात धनगरी ओव्या म्हणतात, त्यात एक जण पुढं गातो आणि दुसरा त्याच्या शेवटच्या शब्दांचं टोक उचलून लांबवतो. तो झीलकरी. सुरुवात करणं त्याचं काम नव्हे. आण्णांनी जन्मभर धुळादादांची झील ओढली. दादांना मागंपुढं कुणी नव्हतं. ते गेले तेव्हा त्यांचा ढोल, घोंगडं आणि पानाची चंची आण्णांच्या घरी आली.

त्या ढोलाचा थाट काय सांगू! सकाळी कोवळं ऊन, पावसाळ्यात लिंबाच्या पाल्याची धुरी. कातड्याला तेल, आण्णांच्या डोक्याला मात्र थेंब नाही. पोरांनी अंगणात दंगा केला की ओठांवर बोट ठेवून आत खूण करणार, ढोल निजलाय. चंचीत दर बाजाराला ताजी पानं, आणि स्वतः पान खात नाहीत. "आवं आण्णा, कुणासाठी ही पानं?" "ही पानंऽऽ जी." माझं डोकंच फिरतं.

त्यात रोजचं मूठभर दळण. एकटा जीव, आठवड्याचं एकदम आणावं की नाही? आणि गिरण सुरू झाली की पीठ न घेताच घरी पसार. घर म्हणजे माझ्या गिरणीच्या भिंतीला लागूनच.

एकदा साताऱ्याहून संग्रहालयाचे साहेब आले. ढोल बघून म्हणाले, "काचेच्या कपाटात नीट राहील. देऊन टाका."

"देऊन टाकाऽऽ जी," आण्णा म्हणाले.

साहेब खूश. पुढच्या आठवड्यात जीप घेऊन हजर. आण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्वारी घेऊन तडक माझ्या दारात. मी म्हटलं, "आज तरी दळण ऱ्हाऊ द्या." पण हलतील तर ना. शेवटी वैतागून मी खटका दाबला. आण्णा घराकडं पळाले, मागोमाग साहेब आणि मी.

आत ढोल घुमत होता आणि त्याच्यावर कुणाचाच हात नव्हता. गिरणीच्या थरथरीनं भिंत हलत होती, भिंतीला टेकलेला ढोल आपसूक बोलत होता. पुढ्यात आण्णा, चंची मांडीवर घेऊन, डोळे मिटून झील ओढत होते. इतकी वर्षं मी पीठ पाडत होते आणि पलीकडं ओवी चालली होती. मला रडूच आलं. ज्वारी संपून दगडाला दगड घासत होता, कळत होतं, तरी पाय निघेना.

साहेबांनी बूट काढले आणि तिथंच बसले. जाताना म्हणाले, "राहू दे इथंच."

मी म्हटलं, "आण्णांच्या माघारी न्या. पण कपाटाशेजारी एक गिरण बसवा."

साहेब हसले नाहीत. जीप रिकामीच गेली.

परवा तिन्हीसांजेला लाईट गेली. आण्णा आले आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "शालन, लाईट कवा येनार गं? दादा गप बसलाय."

जन्मात पहिल्यांदा आपणहून बोलले. मी त्यांच्याशेजारी पायरीवर टेकले.

"येईल की, आण्णा."

आण्णांनी हळूच टोक उचललं.

"येईल कीऽऽ जी."