जास्त नंबरचा क्लच

क्लच घसरायला लागला तेव्हा चष्मेवाल्याला मनापासून आनंद झाला. गाडीत मोठा टर्बो बसवून त्याने इंजिनची ताकद जवळजवळ तिप्पट केली होती आणि कंपनीच्या क्लचला ती पेलवत नव्हती. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंबलायचं, गाडी मात्र आपल्याच चालीने चालायची.

"काहीतरी जळतंय," बायको म्हणाली.

"ताकद आहे ती."

"ताकदीला असला वास येतो? काय टाकायचं ते टाक. पण घरात गाडी एकच आहे आणि आईला व्यायामाच्या डॉक्टरकडे मीच नेते. ज्या दिवशी मला ही चालवता येणार नाही, त्या दिवशी ती विकायची."

"कबूल," तो म्हणाला. गाडी विकण्यापेक्षा त्याने चष्म्यांचं दुकान विकलं असतं.

दुकानात तो गिऱ्हाइकांना रोज समजवायचा, की डोळ्याला लागेल तेवढाच नंबर घ्यावा, जास्त नंबरने जास्त दिसत नाही. गॅरेजवाल्याने टेबलावर दोन क्लच मांडले आणि तिसऱ्याचा फोटो दाखवला.

"हा साधा, स्प्रिंग जरा कडक. तुमच्या इंजिनला पुरून उरेल. फोटोतला दोन प्लेटांचा, पायाला अगदी लोणी, पण मागवावा लागेल. आणि हा शर्यतीचा. सिरॅमिकच्या टिकल्या. एक तर धरतो, नाहीतर सोडतो. मधलं काही नाही."

"सगळ्यात जास्त ताकद कोण पेलतो?"

"शर्यतीचा. पण तुम्ही काही शर्यतीत..."

"तोच बसवा."

गॅरेजवाल्याने त्याच्या पायाकडे पाहिलं. "पोटरी बेताचीच आहे हो तुमची."

क्लच बसला. चष्मेवाला दिमाखात गॅरेजच्या बाहेर पडला. शर्यतवाल्यांसारखा तो मागे रेलून बसे. त्यामुळे क्लच दाबताना पॅडल खाली जाण्याऐवजी तोच सीटवरून वर जात होता.

आता बायकोला त्या सीटवर बसू देणं शक्य नव्हतं.

"तू कशाला दगदग करतेस? मी नेतो ना आईंना."

बायकोने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुकानाला कुलूप लावून तो सासूबाईंना नेऊ लागला. प्रत्येक सिग्नलला गाडी हिसके देई आणि सासूबाई लग्नानंतर पहिल्यांदाच जावयाच्या प्रत्येक बोलण्याला मान डोलावत. त्याला धीर आला.

"आई, टीव्हीचा आवाज जरा कमी ठेवाल?"

सासूबाईंनी जोरजोरात मान डोलावली. संध्याकाळी टीव्ही नेहमीसारखाच गरजत होता.

"आई, तुम्ही हो म्हणाला होतात ना?"

"मी कुठे, जावईबापू? ती मान तुमच्या गाडीने हलवली."

होता होता त्याचा गुडघा टम्म सुजला. बायकोने त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे जायला लावलं. तिथवरही गाडी त्यानेच चालवली.

डॉक्टरांनी गुडघा दाबला. "क्लच कुठला आहे?"

"शर्यतीचा."

"टिकल्यांचा? आणि शहरात? अहो, मी दोन प्लेटांचा टाकलाय, बोटाने दाबावा असा!" डॉक्टर बराच वेळ आपल्या टर्बोविषयी बोलले. मग औषध लिहून म्हणाले, "महिनाभर या पायाने क्लचला शिवायचं नाही."

बाहेर आल्यावर बायकोने हात पुढे केला. "किल्ली."

"ऐक ना. तुला नाही जमणार. पॅडल फार जड आहे." त्याने खिशातून किल्ली काढली. "विकावी लागेल बहुतेक."

तिने किल्ली घेतली, सीट पुढे ओढली, पाठ ताठ करून पॅडल दाबलं, आणि गाडी जागची हलून फाटकाबाहेर पडली, चौकात थांबली, पुन्हा निघाली, चढ चढली, वळली आणि एकही हिसका न देता घराच्या रस्त्याला लागली.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"क्लच बसल्यापासून. तू दुपारी दुकानात डुलक्या काढतोस तेव्हा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"इतक्या प्रेमाने न्यायला लागला होतास. म्हटलं, बघू किती दिवस टिकतं."

तो म्हणाला, "एक करू. दोन प्लेटांचा मागवतो. म्हणजे मलाही..."

"क्लचला हात लावायचा नाही."

"अगं, पण मला चालवता येणार नाही!"

"तशी अट नव्हती."

दारापाशी तिने गाडी उभी केली. इंजिन चालूच ठेवलं.

"तू उतर. मी जरा जाऊन येते."

"कुठे?"

"कुठे असं काही नाही."

तो एका पायावर फाटकाला धरून उभा राहिला. तिसऱ्या गिअरपर्यंत त्याला ऐकू आलं. चौथा तिने कुठे टाकला ते काही कळलं नाही.