पावणेनऊचं गिऱ्हाईक

सकाळी पावणेनऊला आर्नेलने मोबाइलच्या दुकानाचं शटर वर ढकललं, तर पायरीवर नेनिता बसलेली. कमरेला रबरी एप्रन, मांडीवर पाण्याचा डबा. आर्नेलला बरं वाटलं. दिवसाची पहिली नोट हातात आली की ती सगळ्या मालावरून फिरवायची, मग दिवस धावतो, हे त्याच्या आईने केळी विकता विकता त्याला शिकवलं होतं. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं, तर मात्र संध्याकाळपर्यंत माश्या मारायच्या. म्हणून पहिल्याला भाव जरा कमी लावायचा. नेनिता फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या बाजारात एकतीस वर्षं मासळी विकत होती, तिलाही हे ठाऊक होतं. पावणेनऊची वेळ तिने उगाच निवडली नव्हती.

तिच्याकडे साडेतीन हजार पेसो होते आणि एक मोठी अडचण होती. तीन महिन्यांपासून होडीवाले किनाऱ्याला लागण्याआधीच मासळीचा फोटो ग्रुपवर टाकत, एकदा पहाटे साडेपाचला आणि एकदा दहाच्या सुमारास. जो पहिला ‘माझं’ लिहील, त्याचा माल. नेनिताच्या बटणांच्या फोनवर फोटो दिसतच नसे. तिच्या वाट्याला उरलेली चिल्लर मासळी यायची आणि तिचं बांधलेलं गिऱ्हाईक समोरच्या गाळ्यातल्या पुरिंगकडे वळायचं. आणखी दोन महिने असेच गेले असते, तर गाळा सोडावा लागला असता.

आर्नेलने तीन फोन मांडले आणि कॅमेऱ्यापासून सुरुवात केली. चेहरा कसा उजळ येतो, डाग कसे जातात, हे तो सांगत होता.

“तोतो, पोरा, मासे माझा चेहरा बघून मरत नाहीत,” नेनिता म्हणाली आणि तिने डब्यात बोट बुडवलं.

डब्यात बाजारातलंच खारं पाणी होतं. ओल्या बोटाने पहिला फोन उघडेचना. दुसऱ्याने आर्नेलच्या पोटाचा फोटो काढला. तिसऱ्याने ऐकलं, पण पायरीवरच्या उन्हात नेल्यावर त्याच्या पडद्यावर काहीच दिसेना. मग तिने आणखी चार फोन मागवले. फोटो उघडायला लागणारा वेळ ती मनात तिलापियाचे खवले काढत मोजत होती. अर्धा मासा साफ होईपर्यंत फोटो उघडला तर पास, नाहीतर बाजूला. शिवाय प्रत्येक गोष्ट तीनदा. एकदा जमलं ते नशीब असतं, असं तिचं म्हणणं. एवढी शिस्त प्रयोगशाळेतही रोज दिसत नाही.

साडेनऊपर्यंत मागे सहा माणसं उभी राहिली. प्रवाशांची जीपनी चालवणाऱ्या एकाला फक्त साठ पेसोंची केबल हवी होती. आर्नेलने हात जोडले. भाव आधी मनांगने, म्हणजे या मोठ्या ताईने, विचारला होता. तिच्या नोटेआधी दुसऱ्याची नोट आली तर दिवस उलटा लागणार. नेनितानेही सांगून पाहिलं की दे बाबा त्याला केबल, मी काही रागावणार नाही. आर्नेल हलला नाही. जीपनी रस्त्यातच उभी होती, तेव्हा कंटाळलेले प्रवासी उतरून रांगेत आले. मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या. दंड करायला वाहतूक हवालदार आला, आणि त्याच्याही फोनची काच फुटलेली असल्यामुळे तोही थांबला.

रांगेतला प्रत्येक जण सल्ला देऊ लागला. नेनिताने सल्ला कोणाचाच घेतला नाही. तिने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, तुमच्या फोनचं बिघडलं ते नेमकं काय? अकरा फोन तपासून झाले. काच सात जणांची फुटली होती, चार्जरचं भोक आठ जणांचं सैल झालं होतं, काहींचं तर दोन्ही. कॅमेऱ्याची तक्रार एकाचीही नव्हती.

बारावी होती पुरिंग. महागडा फोन कालपासून बंद, आणि दोन महिन्यांत ही तिसरी केबल घ्यायला आली होती. नेनिताने फोन उलटा करून उजेडाकडे धरला.

“पुरिंग, केबल कशाला बदलतेस? भोक गंजलंय. मिठाच्या हातांनी लावतेस ना?”

पुरिंगने हात एप्रनला पुसले.

मग नेनिताने सगळ्यात खालच्या फळीवरचा एक जाडजूड काळा फोन मागितला. जुना नमुना होता, कोणी घेत नव्हतं. पण चार्जरच्या भोकावर रबराचं बूच होतं. ओलं बोट, ऊन, फोटो. तिन्ही परीक्षा तो तीनदा पास झाला. किंमत एकोणचाळीसशे. नेनिताने साडेतीन हजार काउंटरवर ठेवले, तेवढेच. आर्नेल सदतीसशेवर आला, मग छत्तीसशेवर. शेवटचे शंभर आपण घालतो, असं जीपनीवाला म्हणाला, तर आर्नेल घाबरलाच. मग पहिलं गिऱ्हाईक नक्की कोण? हवालदाराने घड्याळ पाहिलं. रांगेने आर्नेलकडे पाहिलं.

“न्या, मनांग,” तो म्हणाला.

त्याने नोटा सगळ्या खोक्यांवरून फिरवल्या आणि रांगेने सुटकेचा श्वास सोडला. केबल घेऊन जीपनी गेली. रांगेतल्या, नर्सच्या गणवेशातल्या एका मुलीने नेनिताचं सिम नव्या फोनमध्ये घातलं आणि होडीवाल्याला फोन करून नेनिताला ग्रुपमध्ये घालून दिलं. दहा वाजून सात मिनिटांनी फोन वाजला. चाळीस किलो सुरमई. नेनिताने सवयीने बोट डब्यात बुडवलं आणि ‘माझं’ लिहिलं. तिलापियाची शेपटीसुद्धा साफ झाली नसती, इतक्यात.

पुरिंगने बंद फोन पिशवीत टाकला. “तोतो, मलाही तसलाच दे. साडेतीन हजारांत.”

“एकोणचाळीसशे,” आर्नेल म्हणाला.

“मनांग, तू सांग ना त्याला.”

“त्याचं काय चुकलं?” नेनिता डब्याचं झाकण लावत म्हणाली. “साडेतीन हजारांतच हवा असेल तर उद्या पावणेनऊला ये. डबा मी देते.”

पुरिंगने मनात हिशेब केला. उद्याचा पहिला फोटो साडेपाचला येणार होता आणि दुकान उघडणार होतं पावणेनऊला. मग तिने पर्स उघडली, चार हजार काउंटरवर ठेवले आणि शंभर परत मागितले.